वॉकर चालत नव्हता, तुडवत होता

मुलतानी मातीची पुडी उलटून बघा. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत तिचं इंग्रजी नाव छापलेलं असतं: फुलर्स अर्थ. फुलरची माती. लहानपणी आमच्या न्हाणीघराच्या कोनाड्यात ही पुडी कायम असायची आणि मला वाटायचं, फुलर नावाच्या कुणा गोऱ्या साहेबानं मुलतानात जाऊन ही माती शोधली असणार. तसा साहेब कधी नव्हता. फुलर हे माणसाचं नाव होण्याआधी एका धंद्याचं नाव होतं. धंदा असा, की त्यात माणूस दिवसभर गुडघाभर घाणीत उभा राहून कापड तुडवायचा.

या एकाच कामातून इंग्रजीत तीन आडनावं निघाली: फुलर, वॉकर आणि टकर. तिघांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं ऐकताना वाटत नाही. पण इंग्लंडात आडनावं कशी पडली, कुठे पडली आणि पडल्यावर त्यांचं काय झालं, हे समजून घ्यायला या तिघांइतकं सोयीचं उदाहरण नाही. लोहार म्हणजे स्मिथ, शिंपी म्हणजे टेलर, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं आणि तिथेच विषय संपतो. फुलरचा लवकर संपत नाही.

आधी काम समजून घेऊ, कारण कामच कळलं नाही तर नाव कळून उपयोग नाही.

लोकरीचं कापड मागावरून उतरतं तेव्हा ते बरंचसं जाळीसारखं असतं. उभे-आडवे धागे सुटे सुटे, मधून उजेड दिसतो, आणि हाताला तेलकट लागतं. मेंढीच्या अंगचा चिकट स्निग्धपणा लोकरीत असतोच. शिवाय विंचरताना आणि कातताना तंतू तुटू नयेत म्हणून वरून तेल चोळलेलं असतं. या कापडाचा अंगरखा शिवला तर इंग्लंडातला वारा आरपार जाईल आणि पाऊस आत येईल. म्हणून ते एका मोठ्या डोणीत टाकायचं, त्यात पाणी आणि एक विशिष्ट माती घालायची, आणि आत उतरून पायांनी मळायचं. तासन्‌तास. दोन-तीन माणसं एका ठाण्यावर नाचल्यासारखी तुडवत राहायची.

त्यानं दोन गोष्टी व्हायच्या. पहिली, माती तेल शोषून घ्यायची. ही चिकणमाती फार बारीक पापुद्र्यांची असते आणि स्निग्ध पदार्थ ओढून घेण्याचा तिचा गुण दांडगा. तेलकट चेहऱ्यावर आपण ती थापतो ते याच गुणामुळे. म्हणजे फेस पॅक लावून बसलेली व्यक्ती तेराव्या शतकातल्या लोकरीच्या ठाण्याचाच अनुभव घेत असते, फक्त वरून कुणी नाचत नाही, एवढंच. इंग्लंडात सरे परगण्यात नटफील्डजवळ आणि बेडफर्डशरमध्ये वोबर्नजवळ या मातीच्या खाणी होत्या. सतराव्या शतकात तर कच्च्या लोकरीबरोबर या मातीच्या निर्यातीवरही बंदी होती. परदेशातल्या विणकरांना चांगली माती मिळू नये, हा त्यामागचा हिशोब. मातीची चोरटी निर्यात हा गुन्हा ठरावा, इतकी ती मोलाची होती.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात, वॉशिंग मशिनमध्ये घातला की बाहेर येतो तो बाहुलीच्या मापाचा, जाड आणि टणक. ज्यांच्या घरी हे घडलंय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर माशासारखे अगदी सूक्ष्म खवले असतात. ओल, ऊब आणि रगडणं हे तिन्ही एकत्र आलं की खवले एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. कापड आटतं, दाट होतं, विणीची भोकं बुजतात. आपल्या दृष्टीनं तो स्वेटरचा सत्यानाश. फुलरच्या दृष्टीनं तेच काम. फरक इतकाच, की तो हा सत्यानाश मोजूनमापून करायचा. ठाण विणतानाच ते आटणार हे धरून बरंच रुंद विणलेलं असायचं, आणि तुडवून झाल्यावर रुंदी कधीकधी एक तृतीयांशाहूनही जास्त कमी झालेली असायची. सगळीकडे सारखं आटलं पाहिजे, कुठे सुरकुती राहता कामा नये, हे कसब त्याच्या तळपायांत होतं.

मातीखेरीज डोणीत आणखी एक पदार्थ पडायचा, त्याबद्दल जेवताना वाचू नये. शिळं मूत. मूत काही दिवस ठेवलं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो लोकरीतल्या चरबीचा साबण करतो. साबण महाग असलेल्या काळात हा फुकटचा साबण होता. रोमन लोकांनाही तो चांगलाच माहीत होता. पॉम्पेई शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, त्यात कापड धुणाऱ्या-तुडवणाऱ्यांचे अख्खे कारखाने हौदांसकट सापडलेत. भिंतीवर त्यांची चित्रंही आहेत. लॅटिनमध्ये या माणसाला म्हणायचे फुल्लो. सार्वजनिक मुताऱ्यांतून गोळा होणाऱ्या या मालावर सम्राट व्हेस्पेशियननं कर बसवला, तेव्हा त्याचा मुलगा टायटस नाक मुरडू लागला. बापानं कराचं नाणं त्याच्या नाकाशी धरलं आणि विचारलं, वास येतो का? पैशाला वास नसतो ही म्हण त्यातून आली असं सांगतात.

तुडवून झालं की कापड धुऊन, ओलं असतानाच मोकळ्या रानात लाकडी चौकटींवर ताणून वाळवायचे. चौकटीच्या वरखाली वाकडे खिळे असायचे, त्यांत कापडाचे काठ अडकवायचे. त्या चौकटीला टेंटर म्हणत. इंग्रजीत आजही एखाद्याचा जीव टेंटरच्या आकड्यांवर असतो. मराठीत तो टांगणीला लागतो. हा शब्दप्रयोग वापरणाऱ्या इंग्रजांना आता टेंटर म्हणजे काय ते ठाऊक नसतं, पण लंडनमध्ये स्पिटलफील्ड्झ भागात टेंटर ग्राउंड नावाचा रस्ता अजून आहे.

आता नावांकडे येऊ.

फुलर हा शब्द सरळ त्या लॅटिन फुल्लोपासून आला. जुन्या इंग्रजीत तो नॉर्मन लोक, म्हणजे १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणारे फ्रान्सकडचे लोक, यायच्या आधीच शिरला होता. १०६६ नंतर नॉर्मनांनी आपला फ्रेंच शब्द आणला, तोही त्याच मुळाचा, त्यामुळे शब्द आणखी पक्का झाला. फुलर आडनावाचे लोक इंग्लंडच्या आग्नेय भागात, लंडनच्या आजूबाजूला आणि पूर्व किनाऱ्याकडे जास्त आढळत. त्या भागावर फ्रेंचचा पगडा जास्त होता, हे लक्षात घेतलं म्हणजे झालं.

टकर नैर्ऋत्येचा: डेव्हन, कॉर्नवॉल, सॉमरसेट. याचं मूळ जुन्या इंग्रजीतलं एक क्रियापद आहे, त्याचा अर्थ छळणं, हाल करणं. कापडाचे हाल करणारा तो टकर. हा अर्थ पहिल्यांदा वाचला तेव्हा मला एकदम आपली कुंदी आठवली. धुतलेल्या कापडाला मोगरीनं ठोकून त्याच्या सुरकुत्या मोडणं आणि तकाकी आणणं म्हणजे कुंदी. ती करणारा कुंदीगर. काम तेच नव्हे, आपली कुंदी सुती कापडाची आणि शेवटच्या सफाईची. पण कापडाला बदडण्याचा शब्द माणसाला बदडण्यासाठी वापरावा, हे दोन्हीकडे सुचलं. कुंदीगर गेले तरी आपण अजून एकमेकांची कुंदी काढतो. टकरच्या बाबतीत वाट उलटी होती: आधी छळ, मग कापड. एक्झिटर शहरात विणकर आणि टकर मंडळींच्या संघाची पंधराव्या शतकातली वास्तू आजही उभी आहे, टकर्स हॉल याच नावानं.

आणि वॉकर. उत्तर इंग्लंड, मिडलँड्स आणि स्कॉटलंड हा त्याचा मुलूख. इथे सगळेच फसतात, खुद्द इंग्रजही. वॉक म्हणजे चालणं, म्हणून वॉकर म्हणजे चालणारा. फार तर कापडावर चालणारा. प्रत्यक्षात गाडी उलट दिशेनं गेली आहे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ चालणं असा नव्हताच. लोळवणं, घोळणं, उलटंपालटं करणं असा तो होता. कापड घोळणारा, मळणारा तो वॉकर. पुढे क्रियापदाचा अर्थ सरकत सरकत पायी फिरण्यापर्यंत गेला आणि मूळ अर्थ बोलण्यातून नाहीसा झाला. आडनावात तो तसाच राहिला. बाकी भाषा बदलते आणि आडनाव तिच्या पोटात जुन्या अर्थाचा खडा होऊन बसतं, असं अनेकदा होतं. जर्मनांनी मात्र शब्द नीट सांभाळला. त्यांच्याकडे या धंदेवाल्याला वाल्कर म्हणतात आणि त्यांच्या भाषेत त्याचा चालण्याशी काही संबंध नाही.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर हे काम पुरुषांचं नव्हतं. तिथे बायका लांब फळीभोवती बसून ओलं कापड आपटत, पुढे सरकवत आणि त्या ठेक्यावर गेलिक गाणी म्हणत. एक ओळ एकीनं म्हणायची, बाकीच्यांनी धरायची. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. विसाव्या शतकात ती गाणी ध्वनिमुद्रित झाली, आजही ऐकायला मिळतात.

एक काम, तीन नावं, आणि कोणतं नाव लागणार हे ठरलं ते कामावरून नव्हे तर पूर्वज इंग्लंडच्या कोणत्या कोपऱ्यात डोणीत उभा होता त्यावरून.  म्हणून इंग्लंडातले भाषा-अभ्यासक या तीन आडनावांचा नकाशा काढतात. बोलीभाषांच्या जुन्या सीमा त्यात स्पष्ट दिसतात.

पण धंद्याचं नाव आडनाव होतं कसं? आणि धंदा सोडल्यावर नाव का सुटत नाही?

नॉर्मन विजयानंतर दोन-तीन शतकांत इंग्लंडातली जुनी नावं मागे पडली आणि सगळीकडे जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, टॉमस यांचा सुळसुळाट झाला. एका गावात आठ जॉन. मग हा कुठला जॉन? टेकडीखालचा, रॉबर्टचा मुलगा, तांबड्या केसांचा, की कापड तुडवणारा? अशी ओळख सुरुवातीला तात्पुरती असायची. बाप फुलर आणि मुलगा बेकर असू शकायचा, कारण मुलगा खरोखरच पाव भाजत होता. पुण्यात सार्वजनिक गणपतीच्या इतिहासात भाऊसाहेब रंगारींचं नाव येतं. त्यांचं आडनाव होतं जावळे. घरचा धंदा शालू रंगवण्याचा, म्हणून लोकांनी रंगारी म्हटलं, आणि आज जावळे हे नाव सांगितलं तर किती जण ओळखतील? नेमकं हेच तिकडे हजारो घरांत घडत होतं.

हे नाव पक्कं केलं ते मुख्यतः सरकारनं. जमिनीचे वारसाहक्क, खटले, आणि सगळ्यात जास्त म्हणजे कर. १३७७, १३७९ आणि १३८१ मध्ये इंग्लंडात डोईपट्टी बसवण्यात आली. त्यातली १३७९ ची पट्टी माणसाच्या दर्जाप्रमाणे आणि धंद्याप्रमाणे कमीजास्त होती, त्यामुळे कारकुनांनी नावापुढे धंदाही टिपून ठेवला. त्या याद्या म्हणजे आडनावांच्या अभ्यासकांची खाणच आहे. काही ओळींत नाव आणि धंदा अजून जुळतात, काहींत फारकत झालेली दिसते: नाव एक, काम भलतंच. म्हणजे आडनाव घट्ट व्हायला लागलं होतं. तिसऱ्या पट्टीनंतर तर शेतकऱ्यांनी बंडच केलं आणि त्यांचा पुढारी होता वॉट टायलर. टायलर म्हणजे कौलं बसवणारा. १४१३ मध्ये कायदाच झाला की खटल्याच्या कागदपत्रांत माणसाचा धंदा किंवा दर्जा आणि राहण्याचं ठिकाण स्वतंत्रपणे लिहिलं पाहिजे. या कायद्याचा अर्थ उघड आहे: आडनावावरून आता माणूस काय करतो ते कळेनासं झालं होतं. साधारण १४०० च्या आसपास इंग्लंडातल्या बहुतेक घरांत आडनाव बापाकडून मुलाकडे जायला लागलं होतं.

याच सुमाराला, किंवा खरं तर त्याच्या थोडं आधीच, तुडवणाऱ्याच्या पायाखालची डोणी निघून चालली होती. पाणचक्कीला जोडलेले लाकडी हातोडे आले. चाक फिरलं की आसावरचे दाते हातोडा उचलायचे आणि सोडायचे. हातोडा डोणीतल्या कापडावर दाणकन आदळायचा. माणसाचं काम फक्त कापड फिरवत राहण्याचं. इंग्लंडात अशा चक्कीची सर्वांत जुनी नोंद ११८५ ची आहे, टेम्प्लर नावाच्या लढवय्या धर्मसंघाच्या मालमत्तेच्या यादीत. विसाव्या शतकात एलिनोरा कॅरस-विल्सन या इतिहासकार बाईंनी या बदलाला चक्क तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती म्हटलं. चक्की लागते वाहत्या ओढ्याला, आणि उताराचे ओढे असतात डोंगराळ भागात. त्यामुळे कापडाचा धंदा जुन्या शहरांतून निघून कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्या, डेव्हन, यॉर्कशरच्या दऱ्या इकडे सरकला, असा त्यांचा मुद्दा. सगळं श्रेय चक्कीला द्यावं का, यावर इतर इतिहासकारांनी पुढे बराच वाद घातला आहे. पण १२९८ मध्ये लंडनचे फुलर तक्रार करत होते की कापड शहराबाहेर स्ट्रॅटफर्डच्या चक्क्यांवर पाठवलं जातं आणि आम्ही उपाशी मरतो. यंत्रानं काम हिरावल्याची ही तक्रार गिरणगावातल्या कुणालाही ओळखीची वाटावी.

म्हणजे बघा, ज्या पिढ्यांत फुलर, टकर, वॉकर ही नावं कायमची चिकटत होती, त्याच पिढ्यांत पायानं तुडवणं संपत होतं. चक्कीवर काम करणाऱ्यालाही लोक याच नावांनी हाक मारायचे, हा भाग वेगळा. चक्क्यांनी नकाशावरही खुणा ठेवल्या. कॉर्नवॉलमध्ये टकिंगमिल नावाचं गाव आहे. वेल्श भाषेत अशा चक्कीला पंडी म्हणतात, त्यावरून दक्षिण वेल्समधलं टॉनिपंडी. हे गाव पुढे कोळसा खाणकामगारांच्या १९१० च्या दंगलीसाठी गाजलं आणि त्याच्या नावातली कापडाची चक्की लोक विसरून गेले.

आता ही नावं मिरवणारी माणसं. यादी करायची तर पानं भरतील, म्हणून मला ज्यांच्यात रस वाटतो तेवढीच घेतो.

सतराव्या शतकात टॉमस फुलर नावाचा एक धर्मोपदेशक आणि इतिहासकार होता, १६०८ ते १६६१. शब्दांच्या कोट्या करण्याबद्दल प्रसिद्ध. त्याच्या थडग्यावर लिहावं म्हणून एक ओळ सांगितली जाते, ती इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त रंगते: इथे आहे फुलरची माती.

लंडनमध्ये चिझिकला १८४५ साली तीन भागीदारांनी मिळून बिअरचा कारखाना चालवायला घेतला. कंपनीचं नाव फुलर, स्मिथ अँड टर्नर. कापड तुडवणारा, लोहार आणि कातारी. पाटी वाचली की गावातले तीन बलुतेदार भागीदारीत उतरल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तिघांच्याही हाताला त्या कामांचा स्पर्श नव्हता.

मुंबईकरांचा मात्र एका फुलरशी रोजचा संबंध आहे, त्यांना तो माहीत नसला तरी. ओव्हल मैदानासमोरची उच्च न्यायालयाची काळपट दगडी, उंच मनोऱ्यांची इमारत रॉयल इंजिनिअर्समधल्या जेम्स ऑगस्टस फुलर या लष्करी अभियंत्यानं आखली. १८७१ मध्ये काम सुरू झालं, १८७८ मध्ये पुरं झालं. त्याच इमारतीत १९०८ च्या जुलैमध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. खटला होता केसरीतल्या लेखांवरून, लेख होते मुजफ्फरपूरच्या बाँबप्रकरणावर. आणि बाँब टाकणारा बंगालमधला जो गट होता, त्यानं दोन वर्षांपूर्वी ज्या माणसाला मारायचा बेत केला होता, तोही फुलरच! सर बॅम्फील्ड फुलर. १९०५ च्या फाळणीनंतर तयार झालेल्या पूर्व बंगाल आणि आसाम प्रांताचा तो पहिला लेफ्टनंट गव्हर्नर. वंदे मातरमच्या घोषणेवर बंदी, सभांवर लाठ्या, ही त्याची कारकीर्द. सिराजगंजच्या दोन शाळांतले विद्यार्थी आंदोलनात उतरले म्हणून त्या शाळांची मान्यता काढा असा त्यानं हट्ट धरला, वरिष्ठ सरकारनं ऐकलं नाही, आणि १९०६ च्या ऑगस्टमध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. एका फुलरनं बांधलेल्या न्यायालयात जो खटला उभा राहिला त्याच्या मुळाशी दुसऱ्या फुलरचा प्रांत होता.

आणखी एक फुलरबाई आपल्या इतिहासाच्या कडेला उभ्या आहेत. जेनी फुलर या अमेरिकन मिशनरी बाईंनी भारतीय स्त्रियांच्या हालअपेष्टांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते १९०० साली निघालं. त्याची प्रस्तावना पंडिता रमाबाईंची.

पण फुलर आडनावाचा सगळ्यात विचित्र प्रवास झाला तो अमेरिकेत. बकमिन्स्टर फुलर, १८९५ ते १९८३. त्रिकोण जोडून बनवलेले, आत एकही खांब नसलेले प्रचंड घुमट त्यानं लोकप्रिय केले. १९८५ मध्ये क्रोटो, कर्ल आणि स्मॉली या शास्त्रज्ञांना कार्बनचे साठ अणू एकत्र येऊन बनलेला एक रेणू सापडला. हुबेहूब फुटबॉलसारखा, पंचकोन-षटकोन जोडलेला. त्यांना फुलरचे घुमट आठवले आणि रेणूचं नाव पडलं बकमिन्स्टरफुलरीन. १९९६ मध्ये तिघांना त्यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अशा रेणूंच्या अख्ख्या कुटुंबाला आता फुलरीन म्हणतात. मुताच्या डोणीत उभ्या असलेल्या माणसाचं नाव रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात गेलं, आणि तेही अमोनियाच्या धड्यात नाही.

टकर मंडळींत मला एकच नाव घ्यावंसं वाटतं, अल्बर्ट टकर या गणितज्ञाचं. दोन कैद्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारायचं, साथीदाराचं नाव सांगतोस की गप्प बसतोस? अर्थशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाच्या डोक्याचा भुगा करणाऱ्या या कोड्याला कैद्यांची गोष्ट आणि नाव त्यानं १९५० मध्ये दिलं. टकर म्हणजे छळणारा, हे इथे अगदीच चपखल बसतं.

वॉकर मात्र संख्येनं या तिघांत सगळ्यात जास्त. ब्रिटनमधल्या अगदी आघाडीच्या आडनावांत ते मोडतं. यातला एक जॉन वॉकर स्टॉकटन-ऑन-टीज गावातला औषधविक्रेता. घासून पेटणारी काडेपेटीची काडी त्यानं बनवली आणि १८२७ मध्ये विकायला काढली. अमेरिकेत अनेक वॉकर कृष्णवर्णीय आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचा यॉर्कशरच्या कुठल्या डोणीशी रक्ताचा संबंध नाही. गुलामगिरीच्या काळात आणि ती संपल्यावर आडनावं मालकांकडून, लग्नातून, कधी स्वतः निवडून आली. केसांच्या प्रसाधनांचा मोठा व्यवसाय उभारणाऱ्या आणि अमेरिकेतल्या स्वकमाईच्या पहिल्या कोट्यधीश स्त्रियांत गणल्या जाणाऱ्या मॅडम सी. जे. वॉकर यांचं जन्मनाव सेरा ब्रीडलव्ह. वॉकर हे त्यांच्या नवऱ्याचं आडनाव. आडनावावरून कुळाचा शोध घ्यायला निघालेल्यांनी इथे जरा थांबलेलं बरं.

आणि राहिला तो दुसरा जॉन वॉकर, ज्याची तुम्ही मघापासून वाट बघताय. स्कॉटलंडमधल्या किल्मार्नोक गावी १८२० मध्ये त्यानं किराणा मालाचं दुकान थाटलं. तिथे तो व्हिस्कीही विकायचा. पुढच्या पिढ्यांनी तिचा जगभर पसारा केला आणि १९०८ मध्ये टॉम ब्राउन या चित्रकाराकडून बाटलीसाठी एक चित्र काढून घेतलं: उंच टोपी, लाल कोट, हातात छडी, झपझप चालणारा माणूस. आडनावाचा अर्थ चालणारा असाच सगळ्यांनी धरला होता. खरं चित्र काढायचं तर धोतर खोचल्यासारखे कपडे वर करून, जागच्या जागी पाय आपटणारा आणि नाक धरलेला माणूस काढावा लागला असता. व्हिस्कीच्या बाटलीवर तो शोभला नसता, हे मान्य.

त्या बाटलीवरून मुंबईत आणखी एक वॉकर जन्माला आला. इंदूरहून आलेला बदरुद्दीन जमालुद्दीन काझी बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होता आणि तिकिटं फाडता फाडता प्रवाशांना हसवायचा. बलराज साहनींनी त्याला गुरुदत्तकडे पाठवलं. त्यानं दारुड्याची अशी काही नक्कल केली की गुरुदत्तनं त्याला सिनेमात घेतलं आणि आवडत्या व्हिस्कीवरून नाव दिलं, जॉनी वॉकर. काझी हेही धंद्याचंच नाव, न्यायनिवाडा करणाऱ्याचं. ते मागे पडलं आणि त्या जागी आलं इंग्लंडातल्या कापड तुडवणाऱ्याचं. बदरुद्दीनचे वडील इंदूरला गिरणीत कामाला होते.